पहिला भक्कम ट्रायपॉड: मोजक्या पैशांत निवडण्याची पद्धत

पहिला ट्रायपॉड घेताना बहुतेक जण खोक्यावरचे दोन आकडे पाहतात, एक कमाल उंचीचा आणि दुसरा तो किती किलो पेलतो याचा, आणि मग किंमत पाहून निर्णय घेतात. अशा रीतीने घेतलेला ट्रायपॉड कॅमेरा खाली पडू देत नाही, पण हलू मात्र देतो, आणि ज्या कामासाठी तो घेतला ते काम नेमके तिथेच फसते. सोलापुरातल्या सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून दिवेलागणीला मंदिराचे पाण्यातले प्रतिबिंब टिपायचे असेल, तर शटर दोन-चार सेकंद उघडे ठेवावे लागते. तेवढ्या वेळात ट्रायपॉडचे पाय जरासे थरथरले तरी दिव्यांचे ठिपके लांबट उमटतात, आणि दोष बिचाऱ्या लेन्सला दिला जातो.

चूक बहुधा वस्तूत नसते, निवडीच्या क्रमात असते. आधी स्वतःचे काम, वजन आणि उंची मोजायची, मग पाय निवडायचे, त्यानंतर हेड (पायांवर बसणारा, कॅमेरा धरून वळवणारा भाग), आणि शेवटी स्वतःचा कॅमेरा लावून तपासणी करायची, हा क्रम मोडला की पैसे चुकीच्या जागी जातात. हा लेख ४,००० ते ७,००० रुपये खर्च करू शकणाऱ्या, आणि एकदा घेतलेली वस्तू पुढे अनेक वर्षे वापरू इच्छिणाऱ्या वाचकासाठी आहे. मॉडेल सतत बदलतात, त्यामुळे कंपन्यांची नावे न देता कोणत्याही दुकानात उपयोगी पडेल अशी पारख सांगितली आहे.

## टप्पा १: खरेदीआधी घरी करायची मोजणी

प्रथम एका कागदावर आपण ट्रायपॉड कशासाठी वापरणार आहोत ते लिहावे, आणि त्यात पुढे कधीतरी करू अशा गोष्टी न घालता येत्या वर्षभरात नक्की करणार असलेली कामेच ठेवावीत. सोलापुरात ही यादी साधारण अशी निघते: संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेतले शोभेचे दारूकाम, भुईकोट किल्ल्याची तटबंदी, हिप्परगा तलावावरचे पक्षी, किंवा घरच्या व्यवसायासाठी चादरी आणि टॉवेल यांचे विक्रीसाठीचे फोटो. ही चारही कामे ट्रायपॉडकडून वेगवेगळी अपेक्षा करतात. दारूकामाला वाऱ्यात स्थिर राहणारे पाय हवेत, चादरीच्या फोटोला चौकट काटेकोर सरळ धरणारे हेड हवे, आणि पक्ष्यांना लांब लेन्सचे वजन सांभाळणारा सांधा हवा.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर गाडीच्या खिडकीतून काळवीट टिपणे एवढेच काम डोळ्यांसमोर असेल, तर ट्रायपॉड घेऊच नये. गाडीत पाय पसरायला जागा नसते आणि इंजिनाचा कंप पायांतून थेट कॅमेऱ्यात येतो. जाड कापडाची पिशवी शिवून तिच्यात पाऊण भरेल एवढी ज्वारी घालावी, तोंड शिवून टाकावे आणि ती खिडकीच्या कडेवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. हे काम शे-दोनशे रुपयांत होते आणि उत्तम होते.

यानंतर वजन करावे. कॅमेरा, बॅटरी, कार्ड आणि आपल्याकडची सर्वांत जड लेन्स एकत्र करून स्वयंपाकघरातल्या किंवा ओळखीच्या दुकानातल्या काट्यावर ठेवावे. कॅनन १५०० डी सारखा सुरुवातीचा कॅमेरा १८-५५ मिमी लेन्ससह सुमारे ७०० ग्रॅम भरतो. याउलट पक्ष्यांसाठी वापरली जाणारी १५०-६०० मिमी लेन्स एकटीच दोन किलोच्या आसपास असते. वजनाइतकीच लेन्सची लांबीही लिहून ठेवावी, कारण तीच थरथर ५५ मिमीच्या तुलनेत ३०० मिमी लेन्सवर साधारण साडेपाच पट मोठी दिसते. हलकी पण लांब लेन्स ट्रायपॉडची परीक्षा जड पण आखूड लेन्सपेक्षा जास्त घेते.

शेवटी उंची मोजावी. भिंतीला पाठ लावून उभे राहावे, कोणाला तरी डोळ्यांच्या पातळीवर पेन्सिलची खूण करायला सांगावे आणि जमिनीपासून तिथपर्यंत टेपने मोजावे. १६५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीची ही पातळी साधारण १५४ येते. त्यातून कॅमेऱ्याच्या तळापासून व्ह्यूफाइंडरपर्यंतचे सुमारे ८ आणि हेडच्या उंचीचे सुमारे १० सेंटिमीटर वजा केले की १३६ उरतात. मधला कॉलम, म्हणजे पायांच्या मधून वर सरकणारा दांडा, पूर्ण खाली असताना पायांची उंची एवढी हवी.

सावधान: खोक्यावर छापलेली कमाल उंची बहुधा मधला कॉलम पूर्ण वर काढून मोजलेली असते. आपल्या हिशेबात ती धरू नये. कॉलम न उचलता किती उंची मिळते, हा आकडा माहितीपत्रकात वेगळा शोधावा, आणि नसेल तर दुकानात टेप लावून मोजावा.

तपासा: कागदावर आता तीन गोष्टी असायला हव्यात: कामांची यादी, सर्वांत जड साहित्याचे वजन आणि पायांची लागणारी उंची. यांपैकी एकही नसेल तर दुकानात जाण्याची घाई करू नये.

## टप्पा २: पैशांची विभागणी

पाय आणि हेड एकत्र असलेला संच या रकमेत घेणे सोयीचे पडते, पण संच निवडतानाही लक्ष पायांवर ठेवावे. हेड पुढे बदलता येते. पाय आणि हेड यांना जोडणारा बोल्ट बहुतेक ठिकाणी तीन सुती, म्हणजे ३/८ इंची असतो, त्यामुळे दोन-तीन वर्षांनी चांगले हेड घेऊन त्याच पायांवर बसवता येते. पाय मात्र लेचेपेचे निघाले तर त्यांना मजबूत करण्याचा कोणताही उपाय नाही. म्हणून ज्या संचात हेड कायमचे जोडलेले आहे आणि खोलता येत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी बाजूला ठेवावा.

एकूण रकमेतले चार-पाचशे रुपये जास्तीच्या प्लेटसाठी (कॅमेऱ्याच्या तळाला लावून हेडमध्ये अडकवायची पट्टी) आणि रिमोटसाठी राखून ठेवावेत. बॅग, मोबाइलची पकड, बिल्ला असलेला पट्टा असल्या जोडवस्तूंवर संच निवडू नये.

## टप्पा ३: पाय

सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा, कारण स्थैर्याचा मोठा भाग इथेच ठरतो.

नळीची जाडी. पायाची नळी जितकी रुंद, तितकी ती कमी वाकते, आणि हा फरक वाटतो त्याहून फार मोठा असतो. धातूच्या पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास २२ मिमीवरून २८ मिमी केला, तर ताठपणा जवळपास दुप्पट होतो. पहिल्या ट्रायपॉडसाठी सर्वांत वरची नळी निदान २५ मिमी असावी, लांब लेन्स असेल तर २८ मिमी. दुकानात मोजण्याचे साधन नसेल तर कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळून खूण करावी: २२ मिमी नळीचा घेर सुमारे ६९ मिमी, २५ मिमीचा ७८ ते ७९ मिमी आणि २८ मिमीचा ८८ मिमी भरतो.

भागांची संख्या. पाय तीन, चार किंवा पाच भागांत उघडतात. प्रत्येक पुढची नळी आधीच्या नळीच्या आत बसावी लागते, म्हणून ती सुमारे ३ मिमी बारीक असते. वरची नळी २५ मिमी असलेला चार भागांचा पाय खाली १६ मिमीपर्यंत उतरतो आणि पाच भागांचा तर १३ मिमीच उरतो. संपूर्ण ट्रायपॉड शेवटी त्या सर्वांत बारीक नळीवर उभा असतो, हे ध्यानात घेतले की तीन भागांचा पाय का बरा ते कळते. तीन भागांचा ट्रायपॉड मिटल्यावर लांब राहतो, दुचाकीवरून नेताना अडचण होते, हे खरे आहे. ज्यांना दुचाकीवरूनच किंवा एसटीने फिरायचे आहे त्यांनी चार भागांचा घ्यावा, पण मग वरची नळी २८ मिमीची पाहावी. पाच भागांचा पहिला ट्रायपॉड म्हणून घेऊ नये.

नळीचा आकार. हलक्या दर्जाच्या ट्रायपॉडमध्ये पाय गोल नळीचे नसून इंग्रजी यू अक्षरासारख्या उघड्या पट्टीचे असतात. पट्टी एका बाजूने उघडी असली की ती पिळवटायला अतिशय सोपी जाते, आणि वाऱ्यात कॅमेऱ्याला होणारी हालचाल मुख्यतः पिळाचीच असते. सर्व भाग बंद नळीचे आहेत, याची सर्वांत खालचा भाग ओढून खात्री करावी, कारण वरचा भाग नळीचा आणि खालचा पट्टीचा अशीही रचना असते.

मधल्या आडव्या पट्ट्या. तिन्ही पायांना मधल्या दांड्याशी जोडणाऱ्या पट्ट्या पाहून ट्रायपॉड मजबूत असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात या पट्ट्यांमुळे तिन्ही पाय एकाच कोनात अडकून राहतात. तलावाच्या पायऱ्यांवर एक पाय खालच्या पायरीवर आणि दोन वरच्या पायरीवर ठेवायचे असतील, किंवा किल्ल्यातल्या उंचसखल जागी उभे राहायचे असेल, तर असा ट्रायपॉड नीट उभाच राहत नाही. प्रत्येक पाय स्वतंत्रपणे दोन-तीन ठरावीक कोनांत अडकवता यावा.

लॉक. पायांचे लॉक दोन प्रकारचे असतात, कडी उघडून मिटायची क्लिप आणि फिरवून आवळायची फिरकी. दोन्ही चांगल्या बनावटीची असतील तर सारखीच पकड देतात. तरीही सोलापूरच्या धुळीत पहिला ट्रायपॉड क्लिपचा घ्यावा असे माझे मत आहे, कारण कडी उघडी राहिली तर ती लगेच डोळ्यांना दिसते, आणि काही महिन्यांनी पकड सैल झाली तर बहुतेक क्लिपांवरचा छोटा स्क्रू आवळून ती घरच्या घरी पूर्ववत करता येते. फिरकीत धूळ गेली की ती करकरू लागते आणि खोलून पुसावी लागते. क्लिपचे पाते प्लास्टिकचे असले तरी चालते, पण नळीभोवतीची चकती धातूची असलेली बरी. उघडमीट करताना चकतीवर पांढरट रेघ उमटत असेल, तर ते प्लास्टिक तडकण्याच्या बेतात आहे असे समजावे.

अ‍ॅल्युमिनियम की कार्बन. कार्बन फायबर हलके असते आणि कंप लवकर जिरवते. मात्र या लेखातल्या रकमेत ते घ्यायला गेल्यास बारीक नळ्या आणि कच्चे सांधे पदरी पडण्याचा धोका असतो. त्याच पैशांत मिळणारा जाड नळीचा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रायपॉड जास्त स्थिर उभा राहतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी हा धातू हात लावू देत नाही इतका तापतो, म्हणून निदान एका पायावर फोमचे आवरण असावे.

वरचा सांधा. तिन्ही पाय जिथे एकत्र येतात तो भाग धातूचा ओतीव असावा. एक पाय हाताने धरून आडवा हलवावा. सांध्यात खडखड जाणवली आणि तिथे आवळायला बोल्ट दिसत नसेल, तर तो ट्रायपॉड घेऊ नये. बोल्ट असेल तर दुकानदाराकडून षटकोनी टोकाचा अ‍ॅलन पाना मागून आवळून पाहावा.

सावधान: हेडसह एक किलोहून कमी वजन आणि दीड मीटरहून जास्त उंची, असे वर्णन स्वस्त ट्रायपॉडवर दिसले तर नळ्या बारीक असणार हे नक्की. अ‍ॅल्युमिनियमचा भरवशाचा संच साधारण दीड ते दोन किलो भरतो.

## टप्पा ४: मधला कॉलम

कॉलम वर उचलला की तीन पायांवर उभा असलेला कॅमेरा एका दांड्यावर उभा राहतो. म्हणून कॉलम हा चौकट दोन-चार सेंटिमीटर वरखाली करण्यापुरताच वापरायचा असतो. तो काढता यावा, किंवा निदान आखूड करता यावा, म्हणजे जमिनीलगतचे फोटो घेता येतात. हँडल फिरवून वर चढणारा दातेरी कॉलम दिसायला आकर्षक असला तरी त्याच्या दात्यांत ढील राहते. साधा सरकता कॉलम पुरेसा आहे. त्याच्या खालच्या टोकाला पिशवी अडकवायचा हुक असल्यास उत्तम.

## टप्पा ५: हेड

कामांची यादी इथे पुन्हा हातात घ्यावी.

वस्तूंचे, इमारतींचे आणि मंदिरांचे फोटो ज्यांना घ्यायचे आहेत त्यांना तीन दांड्यांचे पॅन-टिल्ट हेड सोयीचे पडते. प्रत्येक दांडी एकाच दिशेची हालचाल सोडते, त्यामुळे चादरीची किनार चौकटीला समांतर आणताना दुसरी बाजू बिघडत नाही. हे हेड जागा जास्त घेते आणि त्याच्या दांड्या बॅगेत टोचतात, पण टेबलावरच्या कामाला त्याच्याइतके चांगले दुसरे नाही.

यात्रा, निसर्ग आणि प्रवास यांसाठी बॉल हेड बरे. एक नॉब सोडला की कॅमेरा कोणत्याही दिशेला वळतो आणि तोच आवळला की थांबतो. गोळ्याचा व्यास ३० मिमीहून कमी नसावा, आणि मुख्य नॉबशिवाय आडवे फिरवण्याचा नॉब वेगळा असावा. बॉल हेडचा नेहमीचा दोष असा की आवळल्यानंतर हात काढताच कॅमेरा किंचित खाली झुकतो. लहान लेन्सवर हे लक्षात येत नाही, लांब लेन्सवर मात्र नेम चुकतो. याची तपासणी पुढच्या टप्प्यात सांगितली आहे.

व्हिडिओसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या, एकच लांब दांडी असलेल्या स्वस्त हेडवर ‘फ्लुइड’ असे छापलेले असते, पण त्यात नुसते ग्रीस असते. फोटो हे मुख्य काम असेल तर ते घेऊ नये, कारण त्यांपैकी अनेकांवर कॅमेरा उभा धरताच येत नाही.

प्लेट. कॅमेऱ्याच्या तळाला लागणारा स्क्रू पाव इंची, म्हणजे दोन सुती असतो आणि तो जवळपास सर्व कॅमेऱ्यांना सारखाच बसतो. प्लेट मात्र हेडगणिक वेगळी असते, आणि इथे फार जण फसतात. आर्का-स्विस पद्धतीची, सुमारे ३८ मिमी रुंदीची प्लेट असलेलेच हेड घ्यावे. ती हरवली तर कोणत्याही कंपनीची दुसरी चालते. एखाद्याच कंपनीची खास चौकोनी प्लेट हरवली, तर चांगले हेड निरुपयोगी होऊन बसते. प्लेटवरचे रबर पातळ आणि कडक असावे. मऊ, जाड रबरावर कॅमेरा डोलतो.

## टप्पा ६: दुकानातली तपासणी

नवी पेठेत किंवा अन्यत्र दुकानात जाताना स्वतःचा कॅमेरा, सर्वांत लांब लेन्स, भरलेली बॅटरी आणि टेप सोबत न्यावे. दुपारच्या निवांत वेळी गेल्यास दुकानदारही शांतपणे दाखवतो. तपासणी शक्यतो तळमजल्यावरच्या फरशीवर करावी. लाकडी माळ्यावर किंवा काचेच्या कपाटावर ठेवलेला ट्रायपॉड खरे काय ते सांगत नाही. खालचा क्रम बदलू नये, कारण आधीच्या पायरीत नापास झालेल्या ट्रायपॉडवर कॅमेरा चढवणे धोक्याचे आहे.

१. तिन्ही पाय पूर्ण उघडावेत, कॉलम खालीच ठेवावा आणि टेपने उंची मोजावी. कागदावरच्या आकड्याहून ती पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त कमी असेल तर दुसरा ट्रायपॉड मागावा.

२. वरच्या सांध्यावर दोन्ही तळहात ठेवून सावकाश भार द्यावा. पाय बाहेरच्या बाजूला किंचित लवणे स्वाभाविक आहे, परंतु एखादा भाग आत सरकला तर लॉक कच्चे आहे. कोणता पाय सरकला ते पाहून त्याचा स्क्रू आवळावा आणि पुन्हा भार द्यावा. दुसऱ्यांदाही सरकला तर तो नग नाकारावा.

३. हेडची प्लेट मुठीत धरून डावीकडे-उजवीकडे पिळावी. इथे ट्रायपॉडची खरी ओळख पटते. हालचाल कुठून येते ते दुसऱ्या हाताच्या बोटांनी चाचपावे: हेड आणि पाय यांच्या जोडाशी, कॉलमच्या कंठाशी, की वरच्या सांध्याशी. जोड सैल असेल तर तो आवळता येतो, पण कॉलमच्या कंठाशी प्लास्टिक लवत असेल तर त्यावर इलाज नाही.

४. आता लांब लेन्ससह कॅमेरा चढवावा. पहिली काही क्षणे हात कॅमेऱ्याखालीच ठेवावा. रस्त्यापलीकडच्या पाटीवरचे एक अक्षर चौकटीच्या मध्यभागी आणावे, लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर दिसणारे चित्र) सुरू करून ते दहापट मोठे करावे आणि हेड आवळावे. हात काढल्यावर अक्षर किती खाली उतरते ते पाहावे. किंचित उतरून थांबले तर चालेल. सावकाश उतरतच राहिले तर हेड त्या वजनाला अपुरे आहे.

५. त्याच स्थितीत एका पायावर बोटाने हलकी टिचकी मारावी आणि पडद्यावरची थरथर किती वेळात शमते ते मनात मोजावे. सुमारे एका सेकंदात शमली तर ट्रायपॉड चांगला आहे. तीन सेकंद होऊनही पाटी डोलत असेल, तर खोक्यावर दहा किलो छापलेले असले तरी तो घेऊ नये. वेळ असल्यास हीच टिचकी दोन-तीन वेगवेगळ्या ट्रायपॉडांवर मारून पाहावी, फरक लगेच दिसतो.

६. कॅमेरा उभा करून, म्हणजे नव्वद अंशांत वळवून, चौथी पायरी पुन्हा करावी. भार एका बाजूला गेल्यामुळे कमकुवत हेड आणि सैल प्लेट इथे हमखास उघडी पडतात.

सावधान: ‘दहा किलो पेलतो’ या आकड्यावर विसंबू नये. हा आकडा काढण्याची सर्व कंपन्यांना बंधनकारक अशी एकच पद्धत नाही, आणि न मोडणे व न हलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या साहित्याच्या तिप्पट क्षमता छापलेली असावी, एवढीच त्याची किंमत धरावी, आणि निर्णय टिचकीवर सोपवावा.

ऑनलाइन घेत असल्यास परत करण्याची मुदत आधी वाचावी, खोके उघडतानाचे चित्रीकरण करावे आणि वरच्या सहाही पायऱ्या वस्तू आल्याच्या दिवशीच घरी कराव्यात. तपासणी पूर्ण होईपर्यंत वेष्टन फेकू नये.

जुना ट्रायपॉड मिळत असेल तर तोही विचारात घ्यावा. लग्नाचे काम करणाऱ्या छायाचित्रकारांकडे जाड नळ्यांचे, वजनदार ट्रायपॉड असतात आणि साहित्य बदलताना ते कमी किमतीत निघतात. त्यात लॉकच्या चकत्यांना गेलेले तडे, वाकडी नळी आणि हरवलेली प्लेट एवढे पाहावे. नळी सरळ आहे का हे ती आतबाहेर सरकवून कळते. मध्येच अडकली तर ती वाकलेली आहे. रंग उडालेला असणे हा दोष नव्हे.

## टप्पा ७: उभा करण्याचा क्रम

चांगला ट्रायपॉड घेऊनही फोटो हलतात ते बहुधा उभारणीच्या चुकीमुळे.

आधी वरचे जाड भाग उघडावेत आणि गरज पडली तरच खालचे बारीक भाग काढावेत. एक पाय विषयाच्या दिशेला ठेवावा, म्हणजे लेन्सचा भार त्या पायावर येतो आणि आपल्याला उभे राहायला दोन पायांच्या मध्ये जागा मिळते. उतारावर दोन पाय खालच्या अंगाला ठेवावेत. पातळी पायांची लांबी बदलून साधावी, हेड वाकडे करून साधू नये. हे सगळे झाल्यावर कॅमेरा लावावा आणि मग हेड आवळावे.

माळरानावर किंवा तलावाकाठी वारा असेल तर हुकला बॅग अडकवावी, पण ती जमिनीला टेकेल इतकी खाली सोडावी. हवेत लोंबकळणारी बॅग झोके घेते आणि ट्रायपॉडलाही हलवते. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवावा किंवा गुंडाळून बांधावा, कारण वाऱ्यात तो शिडासारखा फडफडतो.

शटर बोटाने दाबू नये. रिमोट नसेल तर दोन सेकंदांचा टायमर लावावा, आणि लांब लेन्सला दहा सेकंदांचा. १/१५ ते १ सेकंद या वेगांत आरसा उचलला जाण्याचा धक्का सर्वांत जास्त दिसतो, म्हणून डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) वापरणाऱ्यांनी आरसा आधीच वर उचलून ठेवण्याची सोय वापरावी किंवा लाइव्ह व्ह्यूमधून फोटो घ्यावा. लेन्समधली कंपरोधक यंत्रणाही बंद करावी. काही लेन्सना ट्रायपॉड आपोआप ओळखता येतो, तरी बंद ठेवल्याने नुकसान होत नाही.

तपासा: वर्तमानपत्राचे पान भिंतीला चिकटवावे. ट्रायपॉडवरून टायमर लावून १/८ सेकंदाचा एक फोटो घ्यावा, मग आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवून १/२५० सेकंदाचा दुसरा घ्यावा आणि दोन्ही मोठे करून बारीक अक्षरे पाहावीत. दोन्हींत अक्षरांच्या कडा सारख्याच स्वच्छ असतील तर ट्रायपॉड आणि उभारणी दोन्ही ठीक आहेत. पहिल्यात कडा दुहेरी दिसत असतील तर कॉलम, प्लेटचा स्क्रू आणि लॉक या क्रमाने पुन्हा तपासावे.

## टप्पा ८: गर्दीत आणि वास्तूंमध्ये

दारूकाम टिपण्यासाठी आयएसओ १००, लेन्सचे छिद्र एफ ८ ते एफ ११ आणि दोन ते पाच सेकंद, एवढ्यापासून सुरुवात करता येते. पण त्याआधी जागेचा विचार हवा. यात्रेच्या गर्दीत पसरलेले तीन पाय लोकांच्या, विशेषतः लहान मुलांच्या पायांत येतात. यात्रा भरते त्या होम मैदानाच्या आत शिरण्यापेक्षा ओळखीच्या घराची गच्ची गाठावी, आणि ती मिळाली नाही तर भिंतीलगत उभे राहून पाय कमी पसरावेत व एक हात ट्रायपॉडवरच ठेवावा. यात्रेतल्या नंदीध्वजांच्या, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांच्या, मिरवणुकीच्या वाटेवर ट्रायपॉड लावू नये. तिथे हातातल्या कॅमेऱ्यानेच काम करावे.

किल्ल्यात, मंदिराच्या आवारात आणि वनखात्याच्या हद्दीत ट्रायपॉड लावण्याआधी तिथे परवानगीची चौकशी करावी. अनेक संरक्षित वास्तूंमध्ये हातातला कॅमेरा चालतो, पण ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते.

## टप्पा ९: देखभाल

पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रायपॉड लावण्याची वेळ आली, तर वर सांगितलेला क्रम उलटा करावा आणि सर्वांत खालचा भाग आधी वीतभर बाहेर काढावा, म्हणजे लॉक चिखलाच्या वर राहते. घरी आल्यावर चिखल सुकण्याआधी ओल्या फडक्याने नळ्या पुसाव्यात आणि पूर्ण वाळेपर्यंत पाय उघडेच ठेवावेत. नळीवर ओली माती असताना पाय मिटला की ती माती लॉकच्या आत जाते आणि पुढच्या वेळी नळीवर ओरखडे पडतात. नळ्यांना घरचे तेल लावू नये, त्यावर धूळ बसून लगदा होतो.

दोन-तीन महिन्यांतून एकदा सर्व स्क्रू अ‍ॅलन पान्याने तपासावेत आणि थोडे सैल वाटले तरच आवळावेत, कारण अति आवळल्याने चकती तडकते. हेड आणि पाय यांच्यामधला तीन सुती बोल्ट मात्र प्रत्येक वेळी घराबाहेर पडण्याआधी हाताने फिरवून पाहावा. तो आपोआप सैल होत जातो, आणि जागेवर पोहोचल्यावर पाना सोबत असेलच असे नाही.